वाणाची सीडी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटावं याला काही धरबंध आहे. चहाची गाळणी द्यावी, साबणाची डबी द्यावी, फारच हौस असेल तर स्टीलची वाटी द्यावी. हेमलताच्या घरून त्या वर्षी लिनक्सची सीडी दिली गेली, आणि रथसप्तमी उलटते न उलटते तोच बंगलोरमधल्या ओळखीच्या मराठी घरांतले कंप्युटर एकामागून एक आडवे झाले.

कल्पना तिची नव्हती. कल्पना पद्मनाभची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. पद्मनाभ एका कारखान्यात खरेदीविभागात होता. कंप्युटरशी त्याचा संबंध एवढाच, की बायको एका संशोधन संस्थेतली मशीनं सांभाळायची आणि घरी काम घेऊन बसली की हा तिच्या खांद्यावरून बघायचा. बघता बघता त्याला लिनक्सचं, म्हणजे कंप्युटर चालवणाऱ्या एका प्रणालीचं, वेड लागलं. फुकट मिळणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली, कॉपी करून वाटली तर चोरी न ठरणारी अशी एक वस्तू जगात आहे, या गोष्टीने तो भारावून गेला होता. कंप्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण भारावायला कळावं लागतं असं कुठे आहे?

"प्लॅस्टिकचे डबे कसले वाटता बायका बायका? ज्ञान वाटा, ज्ञान!" तो म्हणाला होता.

"अरे, ती सीडी नीट नाही वापरली तर असलेलं सगळं पुसून जातं," हेमलता म्हणाली.

"स्क्रीनवर सगळं लिहिलेलं असतं गं. लोक वाचतील."

लोक वाचतील! या दोन शब्दांचा हेमलताने पुढे महिनाभर जो राग राग केला, तो तिने कुठल्या शिवीचाही कधी केला नव्हता. पण तेव्हा ती हो म्हणाली. संस्थेत वर्षअखेरीची कामं होती, वाणाचं सामान आणायला सवड नव्हती, आणि नवरा आयतं करून देतोय तर देऊ दे, असा आळशी विचार तिने केला. पद्मनाभने सीड्या कॉपी करून आणल्या. पाकिटं त्यानेच भरली. प्लॅस्टिक नको म्हणून साधा कागद घेतला, आणि कागद फुकट जाऊ नये म्हणून प्रत्येक पाकिटात सीडीबरोबर तिळगुळाची एक वडी सरकवून दिली.

वाणाचं एक आहे. ते नाकारता येत नाही, परत करता येत नाही, आणि ते कुणी दिलं हे बायका विसरत नाहीत. गाळणी असती तर स्वयंपाकघरात लटकली असती. सीडी लटकवून काय करणार? ज्या घरी कंप्युटर होता तिथल्या बायकांनी नवऱ्यांच्या आणि मुलांच्या मागे टुमणं लावलं, 'हेमलतानं दिलंय, पडून राहायला नको, वापरून टाका.' मग नवऱ्यांनी आणि मुलांनी ती वापरली. वापरली म्हणजे काय, तर आत घातली, स्क्रीनवर जे जे विचारलं गेलं त्याला न वाचता होकार देत गेले, आणि मध्येच कुठेतरी सगळं ठप्प झालं की हेमलताला फोन केला.

व्हाइटफील्डच्या एका गृहस्थांना मशीनने विचारलं, सगळी डिस्क वापरू का? हे म्हणाले, वापर. का, तर अर्धीच वापरायला सांगणं त्यांना कद्रूपणाचं वाटलं. नंतर हेमलताला विचारतात, माझी पत्रं कुठे गेली? एका घरी मशीन सुरू केलं की काळ्या स्क्रीनवर दोन अक्षरं उमटून थांबायची. घरच्यांनी त्याला विश्रांती मिळावी म्हणून वर ओला टॉवेल टाकून ठेवला होता. एका बाईंनी कंप्युटरला भरतकामाचं झबलं शिवलं होतं, आणि ते बिघाड शोधतानाही काढू देईनात. कीबोर्ड उलटा करावा तर त्यातून चिवडा पडायचा. माऊस उचलावा तर तो बोटांना चिकटायचा. आणि प्रत्येक घरी, अगदी प्रत्येक घरी, एकच वाक्य: "मी काही केलं नाही हो, आपोआप झालं."

हेमलता स्वतःची सीडी डबीतून न्यायची, तिच्यावरून इन्स्टॉल करून द्यायची आणि हात धुऊन घरी यायची. हात ती खरोखरच धुवायची, दोनदा, साबण लावून. तिला आता त्या कामाची शिसारी बसली होती. लोकांच्या घरातली ती कंप्युटरची टेबलं, त्याखालची जळमटं, वर ठेवलेला गणपती, शेजारी ठेवलेली लोणच्याची बरणी, आणि मागे उभं राहून 'हे बटण दाबून बघा ना' म्हणणारा घरातला एक शहाणा. घरी यावं तर पद्मनाभ फोनवर कुणाला तरी सांगत असायचा, "अहो, घाबरता काय? आमची हेमा रविवारी येऊन जाईल." उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं?

एका संध्याकाळी तिने ते ऐकलं, पर्स सोफ्यावर टाकली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, तंडण नाही, निव्वळ अबोला. जेवण वाढलेलं असायचं, डबा भरलेला असायचा. शब्द मिळायचा नाही. पद्मनाभ पहिले दोन दिवस हसला. नंतर भांडी घासायला लागला, कपड्यांच्या घड्या घालायला लागला. त्याला वाटायचं काहीतरी करून दाखवावं, म्हणजे ही बोलेल. तिला वाटायचं, याने आयुष्यात एकदा तरी काहीही करू नये.

अशात शुक्रवारी सकाळी येलहंक्याहून फोन आला. उचलला पद्मनाभने. "भूमिका आहे, येलहंक्याची. त्यांचंही इन्स्टॉलेशन फसलंय म्हणते," असं म्हणून त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला. हेमलताने त्याच्याकडे पाठ केली आणि वायर ताणून फोन आतल्या खोलीत नेला.

भूमिका तिच्या संस्थेत प्रोजेक्टसाठी येणारी मुलगी. घर जुनं, शहाजीराजांच्या काळापासून इकडे वसलेलं, अर्धं कानडी बोलणारं. संक्रांतीला ती आजीला घेऊन आली होती. मालनबाई तिचं नाव. ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर, आणि हेमलतासारख्या लेकीच्या वयाच्या बाईलाही 'अक्का' म्हणायची रीत. वाण घेताना तिने सीडी कपाळाला लावली होती.

"अक्का," भूमिका रडत होती, "बाबांनी ती सीडी घातली की. आजी म्हणाली, अक्कांनी दिलंय, चांगलंच असणार. मी कॉलेजात होते. आता काय बी येईना. आजोबांचा आवाज होता त्यात."

हेमलताला आठवलं. भूमिकाचे आजोबा, आप्पाजी. रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म घालवलेला दणदणीत माणूस. दिवाळीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढावं लागलं. ऑपरेशन ठरल्यावर भूमिकाने हेमलताला विचारून एक माइक विकत घेतला होता, आणि आजोबांना रोज कंप्युटरसमोर बसवून बोलायला लावलं होतं. ते बोलले, गायले, नातीला रागावले, मालधक्क्यावरच्या हमालांना मारायचे तसल्या हाका मारून दाखवल्या. माइक सुरू आहे हे विसरून एकदा बायकोला म्हणाले, "मालन, कॉफी आण." मालनबाई आता रोज दुपारी तेवढंच लावायला सांगायची आणि आतून ओरडायची, "आणते की!" आप्पाजी शेजारी बसून बिनआवाजाचं हसायचे. एवढ्या मोठ्या फाइली फ्लॉपीत मावत नव्हत्या. दुसरीकडे कुठेही त्या नव्हत्या.

"रडू नकोस. स्क्रीनवर काय आलं होतं शेवटी, ते सांग. आठव नीट."

भूमिका रडत होती तरी हुशार होती. बाबांना विचारून तिने नीट सांगितलं. डिस्कची वाटणी बदलू का, असं मशीनने विचारलं, बाबा हो म्हणाले. त्यानंतर सीडीवरचं वाचायला सुरुवात झाली, आणि लगेच वाचता येत नाही म्हणून मशीन अडलं. बाबांनी परत परत करून बघितलं. दर वेळी तिथेच.

हेमलताने श्वास सोडला. "ऐक, भूमिका. शेताचे बांध मोडलेत फक्त. पीक उभं आहे अजून. आवाज डिस्कवरच आहे, तो कुठे सुरू होतो ती खूण गेलीय. मी शोधून काढेन. पण त्या डिस्कवर आता एक अक्षरही नवीन लिहिलं जाता कामा नये. पुन्हा इन्स्टॉल करायचा प्रयत्न केलात, आणि तो सफल झाला, तर मात्र संपलं. मशीन बंद कर. वायर काढ. मी दुसरी मोकळी डिस्क घेऊन रविवारी येते. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"सरी, नाही लावणार हात, अक्का. मिळेल ना आवाज?"

"मिळेल," हेमलता म्हणाली. अशी छातीठोक ग्वाही ती एरवी देत नसे.

बाहेर आल्यावर पद्मनाभने विचारलं, "काय झालं गं त्यांचं?" हेमलताने पर्स उचलली आणि ती ऑफिसला निघून गेली. काय झालं ते विचारतोय! आप्पाजींचा जो काय आवाज उरला होता तोही याच्या ज्ञानदानापायी पणाला लागला, आणि हा पोळी खात विचारतोय.

मोकळी डिस्क होती ऋतुराजकडे. एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉटच जास्त होते, आणि त्यांतल्या एका नव्या घरात हा नागपूरचा इंजिनिअर एकटा राहायचा. कंप्युटरचे भाग जमवायचा त्याला नाद. 'डिस्क देतो ना मॅडम, पण आधी माझं मशीन बघून द्या,' असं त्याने फोनवर सांगितलं होतं. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या वहिनीने वाण घेतलं होतं आणि दिराला दिलं होतं. अडला हरी, दुसरं काय.

रविवारी सकाळी हेमलता त्याच्याकडे पोचली. खोलीत ॲशट्रे म्हणून वापरलेली बशी, आणि त्यावर बसलेली माशी. कालच्या बिर्याणीचा पुडा मॉनिटरवर उबेला ठेवलेला. हेमलताने खिडकी उघडली.

"मॅडम, मी काहीच नाही केलं," ऋतुराजने सुरुवात केली.

"किती वेळा इन्स्टॉल केलंत?"

"बहुतेक रोजच करून पाहतो. दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतो. कधी हो, कधी नाही. काहीतरी लागेलच ना बरोबर!"

हा माणूस दिवसा एका मोठ्या कंपनीत पुलांचे हिशोब करत होता. हेमलताने मनात म्हटलं, बंगलोरमधल्या पुलांवरून जाताना यापुढे रामनाम घ्यावं. तिने आपली सीडी डबीतून काढली आणि आत सारली. नेहमी इथे काम संपायचं. या वेळी नाही संपलं. तिची स्वतःची स्वच्छ सीडीसुद्धा वाचता येत नाही म्हणून मशीन अडून बसलं, भूमिकाने सांगितलं होतं अगदी तिथेच.

तिने केबल बदलून पाहिली. मेमरी काढून परत बसवली. ऋतुराज मागे उभा राहून म्हणाला, "लिनक्सच खराब असेल ना मॅडम?" नाचता येईना अंगण वाकडं. तिने सीडी बाहेर काढायचं बटण दाबलं.

ट्रे बाहेर आला आणि त्याबरोबर मुंग्या. बारीक, तांबड्या, रांग धरून. एकीच्या तोंडात तीळ होता. हेमलताचा हात तिथेच थांबला. तिने स्क्रू काढून ड्राइव्ह उघडला. आतल्या इवल्याशा काचेवर पिवळट चिकट साय धरली होती, तिला दोन तीळ आणि एक मेलेली मुंगी चिकटली होती. वास ओळखीचा होता. साजूक तूप, गूळ, वेलदोडा. तिच्याच घरच्या पातेल्यातला.

"वहिनींनी दिलेली ती सीडी आणा," ती म्हणाली.

ऋतुराजने आणली. कागदाला तुपाचा डाग पडून तो आरपार झाला होता, आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर वडीचा चौकोन उमटला होता. "हो, थोडी चिकट होती," ऋतुराज म्हणाला. "मी शर्टला पुसली."

हेमलताने ती दोन बोटांत धरली. महिनाभर ती घरोघर जाऊन लोकांच्या अडाणीपणाला नावं ठेवत होती, आणि प्रत्येक घरात घाण गेली होती तिच्या घरून, तिच्या नावाने, हळदीकुंकू लावून. लोकांनी न वाचता हो म्हटलं ते म्हटलंच. पण चांगल्या सीडीवर निदान काम पुरं तरी झालं असतं. मग तिच्या लक्षात आलं की येलहंक्याला काम पुरं झालं नाही तेच देवाने बरं केलं. आप्पाजींचा आवाज या गुळानेच राखला होता. हे मनात आल्यावर तिला हसू यायला हवं होतं, पण आली ती किळसच.

तिने ऋतुराजचा फोन उचलला आणि घरचा नंबर फिरवला. अबोला तिने मोडला तो असा:

"सीडीत मुंग्या निघाल्यात. तुझ्या वड्यांच्या. तूप लागलंय सगळ्या सीड्यांना, म्हणून अडतंय सगळीकडे. कुणी सांगितलं होतं वड्या कोंबायला? महिनाभर मी लोकांचा उकिरडा उपसतेय तुझ्यापायी! किळस आलीय मला तुझी आणि तुझ्या ज्ञानाची."

"हेमा, अगं ऐक... म्हणजे दोष नुसता सीडीचा आहे? मग मी..."

तिने फोन आपटला. ऋतुराज खिडकीबाहेर बघत होता. बोलल्याने तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. येलहंक्याबद्दल एक शब्द सांगायचा राहिला, हे त्या बरं वाटण्यात तिच्या ध्यानातही आलं नाही.

ऋतुराज डिस्क द्यायला तयार होईना. "मॅडम, माझं पूर्ण करून जा ना प्लीज." मग कापूस आला, स्पिरिट आलं, काचेवरची साय निघाली, मुंग्या झटकल्या गेल्या. तासाभराने इन्स्टॉलेशन संपलं आणि ऋतुराजने पहिला प्रश्न विचारला, "आता यात पत्त्यांचा खेळ कुठे आहे?" हेमलताने टॉवेलात गुंडाळलेली डिस्क छातीशी धरली आणि ती जिना उतरली.

रिक्षा, मग बस, मग आणखी एक बस. येलहंक्याच्या स्टॉपवर भूमिका उभी होती. सकाळपासूनच येऊन उभी होती, अक्कांना घर सापडायचं नाही म्हणून. "आजीनं तुमच्यासाठी शेवया केल्यात," ती म्हणाली. "आजोबा आज दाढी करून बसलेत." दोघी चालत निघाल्या. हेमलता तिला समजावत होती, आपण आधी जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवून घेऊ, मग नवीवर शोधू, जुनीला ओरखडाही पडू द्यायचा नाही. भूमिका मान डोलवत होती. रविवारची दुपार होती, लोक अंगणात गाड्या धूत होते, आणि महिनाभरात पहिल्यांदा हेमलताला आपल्या विद्येचा वीट आला नव्हता. आज ती कुणाचा पत्त्यांचा खेळ लावून द्यायला निघाली नव्हती.

घराच्या फाटकाशी एक निळी स्कूटर उभी होती. तिच्या आरशाला पद्मनाभची पिशवी लटकत होती.

हेमलता धावली. चपला न काढता ती आत गेली.

कंप्युटरसमोर पद्मनाभ बसला होता. बाह्या वर सारलेल्या, हातात कॉफीचा पेला, चेहऱ्यावर दहावीला पोरगं पहिलं आलेल्या बापाचा आनंद. शेजारच्या खुर्चीत आप्पाजी, गळ्याला पांढरा रुमाल, गुळगुळीत दाढी, पुढे झुकून स्क्रीनकडे बघत. मालनबाई पदराने हात पुसत आतून आली.

"आलीस? झालं बघ!" पद्मनाभ म्हणाला. "नवी सीडी आणली, स्पिरिटने पुसून घेतली. पहिल्या फटक्यात! कुठेही अडलं नाही."

"मी निघाले तवा कोणच नव्हतं की," भूमिका दारातून पुटपुटली.

"तुमचे यजमान आले," मालनबाई हसत म्हणाली. "म्हणाले, सीडीची चूक होती, मी निस्तरतो. तुम्हीच धाडलं म्हणून समजले मी, अक्का. आत ह्यांचं आहे हो, स्वल्प जपून करा म्हटलं. ते म्हणाले, काळजीच नको."

"पद्मनाभ," हेमलता म्हणाली. तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "काय काय टाकलंस?"

"सगळं! मशीनने विचारलं, काय हवं काय नको. मी म्हटलं हात आखडता कशाला घ्या? एकही पॅकेज सोडलं नाही. डिस्क काठोकाठ भरली." तो लाजल्यासारखा हसला. "या वेळी मी प्रत्येक प्रश्न वाचला, हेमा. शपथ."

टॉवेलातली डिस्क तिच्या हातात जड झाली. काठोकाठ. म्हणजे बांधही गेले, पीकही गेलं, वर नांगर फिरला. तिला किळस आली. त्या सीडीची, त्या वडीची, नवऱ्याच्या त्या निरागस तोंडाची. आणि सगळ्यांत जास्त आली ती सकाळी फोनवर मनसोक्त बोलून एकच वाक्य गिळलेल्या स्वतःच्या तोंडाची. त्याला माहीत नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं. शुक्रवारपासून तो विचारत होता.

"आयतु का, झालं का सगळं?" मालनबाईने विचारलं. "मग ह्यांचा लावा की."

"लावतो ना! आवाजाचीही व्यवस्था केलीय," पद्मनाभ म्हणाला आणि उत्साहाने कीबोर्डवरची कळ दाबली. लिनक्समध्ये आवाज सुरू झाला की नाही हे तपासायला एक नमुना दिलेला असतो. स्पीकर खरखरले. एक परदेशी पुरुष इंग्रजीत आपलं नाव सांगून दोन शब्द बोलला आणि थांबला.

मालनबाई वाट बघत राहिली. "हा कोण?"

"हे तपासणीसाठी असतं. मोठा करून लावतो." पद्मनाभने बटण पिळलं आणि पुन्हा कळ दाबली. तो माणूस पुन्हा बोलला, या वेळी खोली भरून.

"ह्यो नको हो. ह्यांचा लावा."

पद्मनाभने हेमलताकडे बघितलं. तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं, पण हात थांबला नाही. घाबरला की त्याचा हात काहीतरी करतच राहायचा. त्याने तिसऱ्यांदा कळ दाबली. भूमिका भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिने तोंडात ओढणी कोंबली होती.

"मालनबाई," हेमलता म्हणाली, "तो आवाज गेला."

"कुठं गेला? येतोय की चांगला, रस्त्यावर ऐकू जाईल."

"तो नाही. आप्पाजींचा. पुसला गेला. आता नाही मिळायचा."

मालनबाईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, जणू तिला कानडीतून सांगायला हवं होतं. आप्पाजींना मात्र कळलं होतं. हेमलताच्या बोलण्याआधीच कळलं होतं बहुतेक, कारण ते स्क्रीनकडे बघायचे थांबले होते. त्यांनी बायकोच्या मनगटाला हात लावला. ओठ हलले. मालनबाई त्यांच्या तोंडाशी वाकली. इतक्या महिन्यांत तिला ते ओठ वाचता यायला लागले होते.

"काय... काय म्हणतात?" पद्मनाभने विचारलं. त्याचं बोट अजून कळीवर होतं आणि तो परका माणूस चौथ्यांदा आपलं नाव सांगत होता.

मालनबाई सरळ झाली. तिने कुणाकडेच बघितलं नाही.

"म्हणतात, त्या माणसाला आधी गप करा."